नुवी

चची भाषा सगळ्या दांडिया बाजाराला यायची,
तांबेबाईंनासुद्धा,
म्हणून आम्ही दुसरी केली.
मी नऊ, यशोधन तेरा.
वही बापूंच्या दुकानातली, घड्याळदुरुस्तीच्या पावत्यांची.
मागच्या कोऱ्या बाजूला आमचे शब्द,
पुढे कुणाचं तरी एचएमटी, कमान तुटलेली,
साडेचार रुपये बाकी.

पहिला शब्द मिर. म्हणजे ऊन.
गच्चीत मिरच्या वाळत होत्या,
आणि ‘ची’ त्याने खाऊन टाकली.
ओल म्हणजे पडून राहणारा.
मिरोल, उन्हात पडून राहणारी,
विश्वामित्रीच्या काठावरची मगर.
पुढे थंडीत आई गच्चीत पाठ शेकत बसायला लागली
आणि तीही मिरोल झाली.
कोकिळाबेननी तिच्याकडे फोडलं.
आई दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी पानं वाढता वाढता
मोठ्ठा जबडा उघडून दाखवला.

कोकिळाबेन, हालोफू.
हालो तिचं, फू तिच्या शेगडीचं.
ह्या नावाला व्याकरण नाही, नुसता धूर आहे.

शेवटी झ लावला की नाही.
मिरझ, ढगाळ.
टक म्हणजे वेळ, म्हणून बापू टकझ.
अख्ख्या रावपुऱ्याची घड्याळं लावून देणारा माणूस
जेवायला कधी वेळेवर आला नाही.
ते गेले त्या दिवशी कळलं,
नावात अजून एक अर्थ होता.
आम्ही ठेवलेला नव्हता.
आधीपासून आत बसला होता.

नियम एकच.
दोघांनी हो म्हटल्याशिवाय शब्द वहीत जाणार नाही.
गेली अकरा वर्षं एकही गेला नाही.
दुकान विकलं, कुणाला किती,
ते सगळं मराठीत झालं, थोडं गुजरातीत, वकिलासमोर.
आमच्या भाषेत ‘हिस्सा’ ह्याला शब्दच नव्हता,
नाहीतर तिच्यातही झालं असतं.
तो कारेलीबागेत, मी अकोट्यात,
मधे नदी, नदीत मिरोल.

परवा सुनेला वही सापडली, लोणच्याच्या बरण्यांमागे.
पान एकोणीस.
नुवी. पुढे अर्थाच्या जागी, मी.
मूळ ह्या रकान्यात नुसती रेघ.
“मूळ काय?” तिने विचारलं.
मला माहीत नव्हतं.
भाषा व्हायच्या आधीपासून तो मला तसंच म्हणायचा,
आणि स्वतःच्या नावाचा अर्थ
कोण विचारत बसतं?

रात्री फोन लावला.
हॅलोच्या जागी म्हटलं,
नुवी म्हणजे काय?

बराच वेळ त्याच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, आवाज अगदी टकझसारखा,
“जमनाबाई दवाखान्यात तुला फडक्यात गुंडाळून आणलं.
मी चार वर्षांचा.
बापूंनी विचारलं, हवी का बहीण?
मी नको म्हणणार होतो.
न निघालासुद्धा तोंडातून,
तेवढ्यात तू जांभई दिलीस.
मग त्यालाच हवी जोडलं.
ह पडला. लहान तोंडात ह टिकत नाही.”

आणि उ कुठून आला?

“रडत होतो ना मी. त्यातला.”
थांबला. खोकला.
“आणि तो दीर्घ आहे.
नूवी.
तू वहीत ऱ्हस्व लिहिलायस, तेव्हाच बघितलं होतं मी.”

म्हटलं, माझं नाव, मला माहीत.
म्हणाला, “ठेवलं कुणी?”
मी फोन ठेवला.

मूळ ह्या रकान्यातली रेघ खोडली,
तिथे लिहिलं, न, रडणं, हवी.
उ मात्र तसाच राहू दिला, आखूड.
उद्या त्याला फोन करायला
काहीतरी कारण लागेल.